मंगळवारची गाडी

"फिरीव चावी," गुलाबदादा बॉनेटखालून ओरडला.

मी चावी फिरवली. आतून नुसतं 'टक्' झालं.

"हॉर्न दे."

हॉर्न वाजला, पण घसा बसल्यासारखा.

"आता दिवे लाव म्होरलं."

पुढचे दिवे लागले, पण दुपारच्या उजेडात ते लागलेत की नाही हे वाकून बघावं लागत होतं. गुलाबदादानं बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं, हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "मेली."

म्हणाला आणि लगेच त्यानं जीभ चावली. कारण सोप्यात, खांबाला पाठ टेकून, घोंगडीत गुंडाळलेले आबा बसले होते आणि आमच्याकडेच बघत होते.

"बॅटरी म्हनतुय मी, मामा."

"मला वाटलं माजंच सांगतुयास," आबा हसले. हसताना त्यांना धाप लागली. मला ते हसणं सोसलं नाही.

सोमवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत आबांना कोल्हापूरला पोहोचवायचं होतं, डायलिसिसला. आई त्याला 'रगत धुवायला' म्हणायची. आबांच्या दोन्ही किडन्या आदल्या वर्षी गेल्या होत्या, आणि तेव्हापासून आमच्या घरात दोनच वार उरले होते, मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे दिवस नुसते मधले. त्या मधल्या दिवसांत आई त्यांना पाणीसुद्धा वाटीनं मोजून द्यायची, आणि आबा ते औषध प्यावं तसं पुरवून पुरवून प्यायचे.

गेल्या मंगळवारी गाडी चालू झाली नाही आणि आमची पाळी चुकली. शुक्रवारी गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, हे दुसऱ्यांदा झालं तर मला काही सांगू नका. रक्तात पोटॅशियम चढलं की हृदय विचारून बंद पडत नाही." हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून आबांचे पाय सुजलेले दिसले, की पुढची पाळी किती लांब आहे ते मी मोजायला लागे. आणि त्या सोमवारी त्यांचे पाय भाकरीच्या पिठासारखे झाले होते. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. आडवं झालं की जीव घाबरा होई, म्हणून ते दोन दिवस बसूनच झोपत होते.

दुसरी गाडी का केली नाही, असं आज ऐकणाऱ्याला वाटेल. पण आमचं गाव गगनबावड्याच्या अंगाचं, आडबाजूचं. पहिली एसटी कोल्हापुरात पोहोचायची तोवर दवाखान्यातली खुर्ची दुसऱ्याला दिलेली असायची. गावात एक टेम्पो होता, तो एकदा आला, दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा टेम्पोवाल्याची बायको म्हणाली, ते घरात न्हाईत. टेम्पो दारातच उभा होता. मी काय बोलणार? रोजचं दुखणं कोण किती दिवस वाहणार?

तेव्हा राहिली ती आमची जीप. आबांची. ही जीप आबांनी वीस वर्षं वडापला, म्हणजे माणसं भरून भाड्यानं, चालवली होती. गावातली बाळंतीण, लग्नाची वरात, कॉलेजची पोरं, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं तिच्यातूनच कोल्हापूरला गेलं. मीही तिच्यावरच गाडी शिकले. दूध संस्थेत दुधाची फॅट तपासायची माझी नोकरी, पण मंगळवार-शुक्रवारची रजा मी सांगूनच ठेवलेली. डिझेल गाडी, एकदा चालू झाली की दिवसभर बॅटरी नसली तरी चालेल. पण चालू तर व्हायला पाहिजे.

आणि ती मंगळवारीच चालू होत नव्हती. शुक्रवारी व्हायची, जरा कुरकुर करून, पण व्हायची. मंगळवार आला की 'टक्'. ह्या खेपेला तर सोमवारीच 'टक्' झालं होतं. शेजारपाजारचे धक्का मारायला यायचे, पण आमचं अंगण रस्त्यापेक्षा खाली, चढावर गाडी ढकलायची म्हणजे आठ माणसं लागायची. त्यात लावणीचे दिवस. तांबडं फुटायच्या आत माणसं चिखलात उतरलेली असायची. गेल्या मंगळवारी मी, आई आणि एक म्हातारा मिळून ढकलत होतो, आणि चाक जागचं हलत नव्हतं.

मग गावात बोलणं सुरू झालं. मंगळवार बाधतोय. गाडीला लिंबू बांधा. आईनं लिंबू बांधलं, मिरच्याही बांधल्या. गाडीनं काही ऐकलं नाही.

गुलाब मुजावरचं एसटी स्टँडजवळ दुकान होतं, ऑटो इलेक्ट्रिकचं. ह्या भागातल्या सगळ्या वडाप गाड्यांची वायरिंग त्याच्या हाताखालून गेलेली, आणि हे तो दिवसातून चारदा सांगायचा. तोंडाचा मोठा पट्टा, पण हाक मारली की मोपेडवर हजर. ह्या दुखण्यासाठी तो तीनदा येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा त्यानं छाती ठोकून सांगितलं होतं, की आता बघायला नको. पहिल्यांदा त्यानं बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली आणि बॅटरीत पाणी भरलं. दुसऱ्यांदा बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचे कार्बन बदलले, पट्टा आवळला. तिसऱ्यांदा चार्जिंग सांभाळणारा कटआऊट नवा घातला. दरवेळी शुक्रवारी गाडी सुरू व्हायची, तो मिशीवर हात फिरवायचा, आणि मंगळवारी पुन्हा 'टक्'.

"च्यायला, कळतच न्हाई," तो आता म्हणाला, आणि त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. "गाडी चालू असली की मीटर चौदा दावतंय. म्हंजी चार्जिंग झकास. बॅटरी तपासली, ती बी चांगली. येतंय बी नीट, ऱ्हातंय बी नीट. मग जातंय कुटं?"

"कुटंतरी खातंय," सोप्यातून आबा म्हणाले.

"व्हय मामा, कुटंतरी करंट खातंयच. पन त्ये शोधायचं तर बॅटरीची वायर काढाया लागंल." त्यानं इकडं तिकडं बघितलं. "मामी कुटं हायत?"

"गवताला गेलीया," मी म्हणाले.

"मग आत्ताच करू. त्या यायच्या आत."

आईची चोरी कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्या जीपच्या डॅशबोर्डवर जोतिबाचा फोटो होता. त्याच्यापुढं प्लॅस्टिकच्या कमळात एक बारका तांबडा दिवा होता, विजेचा. तो दिवा कधीच विझायचा नाही. गाडी बंद असो, चालू असो, घरासमोर उभी असो, दिवा चालू. आदल्या वर्षी आबा पहिल्यांदा कोसळले, तेव्हा मी त्यांना ह्याच गाडीतून कोल्हापूरला नेलं. मागच्या बाकावर आई आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आबांचे डोळे मिटलेले, शुद्ध नाही. घाटातल्या वळणावर आईनं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "जोतिबा, ह्यास्नी जितं घरला आन. तुज्या म्होरं दिवा लावीन. हे हायत तवर इझू देनार न्हाई."

जोतिबानं ऐकलं. आबा घरी आले. आणि आल्यावर पहिलं काम आईनं त्यांना कुठलं सांगितलं असेल, तर हा दिवा लावायचं. आबांचे हात थरथरत होते, तरी त्यांनी एक अख्खी दुपार घालून तो लावला. मी म्हटलं होतं, एक बटण ठेवा. तर आई म्हणाली, "बटन नको. कुनाचा चुकून हात लागला म्हंजी?" रोज सकाळ-संध्याकाळ ती गाडीचं दार उघडायची, फोटोला हळदकुंकू लावायची, दिव्याकडं बघायची आणि तिचा चेहरा जरा सैल व्हायचा. वर्षभरात आमच्या घरात तेवढ्या एका जागीच आईचा चेहरा सैल होत असे.

म्हणून गाडीला हात लावणारा जो तो आधी त्या दिव्याला हात जोडायचा. गुलाबदादासुद्धा पान्हा हातात घ्यायच्या आधी बोटं कपाळाला लावायचा. आणि बॅटरीची वायर काढली तर तो दिवा विझेल, म्हणून तिन्ही वेळा त्यानं सगळं काम वायर न काढता, शॉर्टबिर्ट सांभाळत केलं होतं. तेवढं त्याला आईनं पढवून ठेवलं होतं.

आता त्यानं खिशातून टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे काही मोठं नाही, एका होल्डरात बारका बल्ब आणि त्याला दोन वायरी. बॅटरीची वायर सोडवून मधे तो बल्ब धरायचा. गाडीत कुठंच करंट जात नसेल, तर बल्ब लागत नाही. लागला, तर समजायचं कुणीतरी खातंय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्या फ्यूजच्या पलीकडं.

"तू आत बस," तो मला म्हणाला. "मी सांगीन तसं एकेक फ्यूज काड."

मी सीटवर बसले. समोर उघडलेलं बॉनेट, त्याच्याआड गुलाबदादा. त्यानं वायर सोडवली. मी जोतिबाकडं बघायचं टाळलं. मनातून म्हटलं, पळभर, देवा.

"लागला!" तो ओरडला. "बारीक लागलाय, पन लागलाय. बगा मामा, हाय चोर! काड गं पयला फ्यूज."

मी काढला.

"हाय तसाच. दुसरा."

काढला.

"हाय. तिसरा."

फ्यूज संपले. बल्ब तसाच. गुलाबदादानं अल्टरनेटरची वायर सोडवली. बल्ब तसाच. स्टार्टरची सोडवली. तसाच. त्याच्या कपाळावरचा घाम बॅटरीवर टपकत होता. तोंडाचा पट्टा बंद झाला होता. मला आता खरोखर भीती वाटायला लागली. गुलाबदादा बडबडत असला की वाटायचं, काहीतरी उपाय आहे. तो गप्प झाला आणि मला उद्याची सकाळ दिसायला लागली. गाडी 'टक्' करतेय, आबा मागच्या बाकावर धापा टाकत बसलेत, आई कुणाला तरी हाका मारतेय आणि शिवारात सगळे लांब आहेत.

मी देवाकडं बघितलं. दुसरं कुठं बघणार?

दिवा विझला नव्हता. तो अर्धा जळत होता. निम्म्यानं मंद, विझायच्या बेतात असल्यासारखा, पण लागलेला.

"दादा," मी म्हणाले. "तुमचा बल्ब काढा बरं."

"का गं?"

"काढा तर."

त्यानं वायर उचलली. जोतिबासमोरचा दिवा गेला.

"आता लावा."

त्यानं टेकवली. दिवा अर्धा लागला.

"काढा. लावा. काढा."

तो काढायचा, दिवा जायचा. लावायचा, दोन्ही बल्ब मंद लागायचे. एकच घास दोघं वाटून खात होते. गुलाबदादानं बॉनेटच्या कडेनं वाकून आत बघितलं. दिव्याकडं बघितलं, मग हातातल्या टेस्ट लॅम्पकडं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ह्यो? अगं, ह्यो येवढासा दिवा. ह्यो काय खानार?"

"रात्रंदिवस जळतोय की."

तो बोटांवर काहीतरी मोजायला लागला. मीही मनात मोजत होते. मंगळवारी आम्ही जाऊन आलो की मधे थोडेच दिवस, मग शुक्रवार. शुक्रवारी जाऊन आलो की मात्र एक दिवस जास्त गाडी उभी. डिझेल वाचवायचं म्हणून मधे कुठं नेत नव्हतो. म्हाताऱ्या बॅटरीला तेवढा एकच दिवस जड जात होता. मंगळवार बाधत नव्हता. मंगळवारच्या आधीचा उभा राहिलेला दिवस बाधत होता.

"तरीच फ्यूज काडून इझना," गुलाबदादा म्हणाला. "मामा, ही वायर कुटनं घेतलीया ओ?"

मी मान वळवली. आबा माझ्याकडंच बघत होते. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. आणि मला कळलं, की ह्यात आबांना नवीन काहीच नाही.

मी गाडीतून उतरून त्यांच्याजवळ गेले. हळू आवाजात म्हणाले, "तुमाला ठावं हुतं."

"वायर मीच जोडली की गं," आबा म्हणाले. "थेट बॅटरीवरनं. वीस वर्सं गाडी चालीवली, मला ठावं नसंल तर कुनाला?"

"आन् बोलला न्हाईसा?"

"तिला काय सांगू, वैजू? तुज्या दिव्यापायी माजी गाडी बंद पडतीया, म्हनून सांगू?"

मला राग आला. इतका आला, की आजारी माणसावर ओरडू नये हेसुद्धा मी विसरले असते. पण तेवढ्यात अंगणाच्या टोकाला गवताचा भारा दिसला आणि भाऱ्याखाली आई. तिनं भारा जमिनीवर टाकला, पदरानं तोंड पुसलं, आणि सवयीनं तिची नजर आधी गाडीकडं गेली. गाडीचं दार उघडं होतं. गुलाबदादाच्या हातात वायर तशीच लोंबत होती.

"दिवा!" आई किंचाळली. "दिवा गेला की! गुलाब, आदी लाव त्यो, आदी लाव!"

गुलाबदादानं गडबडीत वायर जोडली. दिवा लागला. आई चिखलाच्या पायांनी धावत आली, गाडीच्या दाराला धरून उभी राहिली आणि दिवा नीट लागलाय ह्याची खात्री होईपर्यंत हलली नाही. मग मागं वळली.

"का काडला हुतास?"

गुलाबदादा पायाखालचा एक नट उचलायला वाकला, आणि तो नट त्याला काही केल्या सापडेना.

"काय न्हाई, हौसा," आबा म्हणाले. "हुतंय असं काम करताना. च्या टाक जा."

आई काही खुळी नव्हती. तिनं आमच्या तिघांची तोंडं बघितली. मग तिनं आबांना विचारलं नाही, गुलाबदादाला विचारलं नाही. मला विचारलं.

"वैजू, तू सांग. त्या दिव्याचं काय झालंय?"

आबांची नजर माझ्या पाठीवर होती. मला ती वळून न बघताही लागत होती. सांगितलं तर आईचा एवढा एक आधार माझ्या हातानं जाणार होता. नाही सांगितलं तर उद्या सकाळी 'टक्'. मला डॉक्टरांचा व्हरांडा आठवला. मी सांगितलं. गोल गोल न बोलता सांगितलं, की हा दिवा रात्रंदिवस बॅटरी खातो, आणि चार दिवस गाडी उभी राहिली की ती चालू होत नाही.

आई ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "म्हंजी गेल्या मंगळवारी..."

"व्हय."

ती सोप्याच्या पायरीवर बसली. तिच्या पायांवरचा चिखल वाळायला लागला होता, तो ती नखानं काढत राहिली. गुलाबदादाच म्हणाला, "मामी, तुमची काय चूक न्हाई. त्ये कुनाच्याच ध्यानात आलं न्हाई. मी एवडा मोठा इलेक्ट्रिशन, मी बी रोज हात जोडून म्होरं जात हुतो."

"ह्यांच्या ध्यानात आलं हुतं," आई म्हणाली. तिनं मान वर करून आबांकडं बघितलं. "तुमास्नी ठावं हुतं का न्हाई?"

आबांनी मान डोलावली.

"कवापास्नं?"

"पयल्या मंगळवारपास्नं."

"आन् सांगितलं न्हाईसा? गेल्या खेपंला पाळी चुकली तरी सांगितलं न्हाईसा? रातभर बसून धापा टाकत हुतासा, म्या पाठ चोळत हुते, तरी?" आईचा आवाज चढला, मग एकदम फाटला. "मला काय समजलासा तुमी?"

आबांनी घोंगडी खांद्यावरून खाली घेतली. त्यांना बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून ते एकेक वाक्य थांबून थांबून बोलले.

"हौसा, त्या दिशी घाटात म्या बेसुद नव्हतो. डोळं उगडत नव्हतं, येवडंच. तू बोललीस त्ये सगळं ऐकलं. लगीन होऊन तीस वर्सं झाली. तू कंदी देवाकडं काय मागितल्यालं ऐकलं नव्हतं म्या. पयल्यांदा मागितलंस, त्ये माज्यासाटनं." ते थांबले. "त्यो दिवा काड म्हनून माज्या तोंडानं कसं सांगू?"

मी दुसरीकडं बघत होते. गुलाबदादा तर गाडीच्या पलीकडंच गेला.

आणि मग आई चिडली. मला वाटलं होतं रडेल, पण ती चिडली.

"आन् मेला असतासा म्हंजी? मग कुनासाटनं दिवा? जोतिबाला काय, त्येला डोळं न्हाईत? दिवा असला तरच बगतोय त्यो?" ती तरातरा उठली आणि गाडीकडं गेली. "गुलाब! काड त्यो."

गुलाबदादा दोन पावलं मागं सरकला. "मामी, माज्या हातनं नको. वायर चावीवर घेतो पायजे तर. गाडी चालू आसंल तवर लागंल, बंद केली की बंद. दहा मिंटाचं काम."

"ते मागनं बगू. आत्ता काड."

"मी न्हाई काडनार."

आईनं माझ्याकडं बघितलं. माझेही हात पुढं होईनात. खोटं कशाला बोलू, माझा लिंबू-मिरचीवर विश्वास नव्हता, मंगळवारवरही नव्हता, पण त्या दिव्याला हात लावायची माझी छाती झाली नाही.

"म्याच लावायला लावला," आई म्हणाली, "म्याच काडते."

ती वाकून आत शिरली. कमळाच्या आतला बल्ब तिला दिसत होता, पण कसा काढायचा ते कळेना. तिनं धरला आणि चटकन हात मागं घेतला. तो तापलेला होता. तिनं पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळलं आणि पुन्हा धरला. ओढायला लागली.

"ओडू नगंस, फुटंल," सोप्यातून आबा म्हणाले. "आत दाब. दाबून डावीकडं फिरीव."

आईनं दाबला. फिरवला. दिवा गेला.

ती थोडा वेळ तशीच वाकलेली राहिली. मग बाहेर आली, तो ऊन बल्ब पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला, गाठ कमरेला खोचली आणि आत चहा ठेवायला गेली. जाताना आबांच्या अंगावर घोंगडी पुन्हा ओढून द्यायला विसरली नाही.

गुलाबदादानं फ्यूज आणि बाकीच्या वायरी परत बसवल्या, बॅटरीची वायर पुन्हा सोडवून मधे टेस्ट लॅम्प धरला. लॅम्प लागला नाही. त्यानं ह्यावेळी छाती ठोकली नाही, मिशीवर हातही फिरवला नाही. दुकानातून दुसरी बॅटरी आणून तिच्यावर गाडी चालू केली, आमची बॅटरी भरेपर्यंत इंजिन तसंच चालू ठेवायला सांगितलं, आणि चहा पिऊन गेला. संध्याकाळपर्यंत अंगणात इंजिनची घरघर चालू होती. आबा ती ऐकत डोळे मिटून बसले होते.

रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला नको. पहाटे आबांना दोघींनी मिळून गाडीत बसवलं. आई त्यांच्याशेजारी मागं बसली. मी चावीला हात लावला आणि हात तसाच राहिला. डॅशबोर्डवर कमळ रिकामं होतं. जोतिबाचा चेहरा अंधारात होता. दिवा चोर होता हे मला पटलं होतं, टेस्ट लॅम्पनं डोळ्यांदेखत दाखवलं होतं, तरी वाटलं, की आता जर गाडी चालू झाली नाही, तर आई आयुष्यभर काय म्हणेल?

"फिरीव," मागून आई म्हणाली.

मी फिरवली. इंजिन घुरघुरलं, एकदा अडखळलं, आणि चालू झालं.

मी गाडी चढावरून वर काढली, रस्त्याला लागले, आणि मग मला कळलं की मी रडतेय. घाटातल्या त्या वळणावर आई म्हणाली, "जरा थांबीव. बंद करू नगंस." मी इंजिन चालू ठेवून गाडी कडेला घेतली. आई मधून वाकून पुढं आली, पदराची गाठ सोडली, बल्ब कमळात बसवला, दाबला, उजवीकडं फिरवला. दिवा लागला.

"चालत हाय तवर जळू दे," ती म्हणाली. "घरला गेलो की काडीन."

त्या दिवसापासून तसंच चाललं. गाडी चालू झाली की आई बल्ब बसवायची, घरी परतलो की काढून पदरात बांधायची. गुलाबदादा भेटेल तेव्हा म्हणायचा, मामी, चावीवर वायर घेऊन देतो, कशाला रोजचा ताप. आई म्हणायची, माझा मी बघते. आबा तिला चिडवायचे, की वडापच्या दिवसांत असा एक हेल्पर मला मिळाला असता तर दोन गाड्या झाल्या असत्या. पुन्हा एकही पाळी चुकली नाही. आबा पुढं तीन वर्षं राहिले.

गेले ते शुक्रवारी, दवाखान्यात, खुर्चीवर. आम्ही त्यांना त्याच गाडीतून घरी आणलं. आई मागच्या बाकावर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, पहिल्यांदा बसली होती तशीच. येताना दिवा चालू होता. अंगणात आल्यावर माणसांनी आबांना उतरवून घेतलं, रडारड झाली, आणि गाडीचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या राहिलं. मी आत वाकून बल्बला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

मी राहू दिला. शनिवारी दिवा जळत होता. रविवारी गुलाबदादा भेटायला आला, अंगणात शिरताना त्यानं गाडीत बघितलं, बोटं कपाळाला लावली आणि सोप्यात जाऊन बसला. सोमवारी दिवा फिकट पडला होता.

मंगळवारी सकाळी मी उठून गाडीशी गेले. कमळात नुसता एक तांबडा ठिपका उरला होता. मी सीटवर बसले, आणि इतक्या मंगळवारच्या सवयीनं माझा हात चावीकडं गेला. फिरवली. आतून 'टक्' झालं आणि ठिपकाही गेला.

सोप्यातून आईनं मान वर केली.

"उतर खाली, वैजू," ती म्हणाली. "आज कुटं जायाचं न्हाई."